नव्या तांदळाचा बगारा

बासी ईदच्या दिवशी बगारा तू करशील, असं खाला म्हणाल्या तेव्हा मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पाण्याची बादली घेऊन उभी होते. मी "हो" म्हणाले. वर खोलीत जाऊन बादली ठेवली आणि मग लक्षात आलं की मी आजवर दुसऱ्या कुणासाठी कधी भात केलेलाच नाही. स्वतःपुरती कुकरमध्ये खिचडी करते, तेवढंच. ती कशी होते ते माझं मला माहीत.

खाला म्हणजे माझ्या घरमालकीण. नांदेडच्या जुन्या भागात त्यांचं घर आहे. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर एक खोली. वरच्या खोलीत मी राहते. सुरुवातीला मी त्यांना काकू म्हणायचे. त्यांनी दोन दिवस ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "खाला म्हण. काकू म्हटलं की मला वाटतं तू शेजारणीला हाक मारलीस." तेव्हापासून खाला. त्यांचे मिस्टर शिवणकाम करतात आणि ईदच्या आसपास घरी जवळजवळ नसतातच. त्यांची मुलगी माझ्यापेक्षा एका वर्षाने मोठी, तिला मी आपा म्हणते.

बासी ईद म्हणजे ईदचा दुसरा दिवस. पहिल्या दिवशी शीरखुर्मा आणि येणारे-जाणारे, दुसऱ्या दिवशी घरची माणसं निवांत जेवतात. त्या संध्याकाळी लातूरहून खालांच्या मोठ्या बहीण जेवायला येणार होत्या. त्यांना घरात सगळे बडी अम्मा म्हणतात. मटण आणि दालचा खाला करणार, गोड आपा करणार आणि बगारा मी. बगारा म्हणजे खडा मसाला, कांदा आणि पुदिन्याच्या फोडणीचा मोकळा भात. त्यात ना हळद, ना मटण. दालचा म्हणजे हाडं, डाळ, दुधी आणि चिंचेचं आंबट वरण. खरी चव दालच्याची असते. बगारा त्याच्या सोबतीला.

"भातच तर आहे," आपा म्हणाली. "बाजूला वाढायचा. त्याला काय घाबरायचं?"

पण मी भाताला घाबरत नव्हते. मी बडी अम्मांना घाबरत होते आणि ते घरात सगळ्यांना माहीत होतं, कारण त्या नुसत्या जेवायला येत नव्हत्या. त्यांच्या मुलाची बदली नांदेडला होणार होती. त्याला राहायला जागा हवी होती. आणि मावशीच्या घरात वर एक चांगली खोली आहे, तिच्यात एक परकी मुलगी राहते, हे त्यांनी फोनवर दोनदा बोलून दाखवलं होतं. ईदला येते, मग ठरवू, असं म्हणाल्या होत्या. खालांनी हे माझ्यापासून लपवलं नाही. पण त्या स्वतः काय म्हणाल्या, तेही सांगितलं नाही.

खोली गेली असती तर माझं कॉलेज गेलं असतं. हे मी वाढवून सांगत नाही. वसतिगृहाच्या यादीत माझा नंबर लागला नव्हता. बाबा मला घेऊन तीन दिवस नांदेडमध्ये खोल्या बघत फिरले होते. बाबा गवंडी आहेत. ते प्रत्येक खोलीत शिरले की आधी भिंतीवर बोटाच्या पेरांनी टकटक करायचे, प्लास्टर पोकळ आहे का बघायचे, मग दाराची कडी ओढून बघायचे आणि मग मालकाच्या तोंडाकडे बघायचे. तीन दिवसांत एकही खोली पास झाली नाही. खालांच्या वरच्या खोलीत त्यांनी टकटक केली आणि म्हणाले, "भिंत चांगली हाय." मग खाली येऊन खालांना म्हणाले, "पोरीची जात हाय. एकलीच राहनार." खाला म्हणाल्या, "माझी पण पोरगीच आहे." बाबांनी बॅग आत ठेवली. परत जाताना मला बसस्टँडवर एवढंच म्हणाले, "हितं हाय तवर शिक. हितून निघाली की घरी. दुसरं घर म्या बघनार न्हाई."

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. त्यामुळे "शिक" म्हणताना बाबांना नेमकं काय म्हणायचं असतं, ते त्यांनाही माहीत नाही आणि मलाही पुरतं माहीत नाही. पण "घरी" म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही पक्कं माहीत आहे.

तर मी तयारीला लागले. मला दुसरं काही येत नाही, पण प्रॅक्टिकलची वही लिहिता येते. मी एका जुन्या वहीच्या मागच्या पानावर "बगारा" असं लिहून खाली रेघ ओढली. उद्दिष्ट, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. खालांच्या मागे लागून विचारून घेतलं. त्या सांगायच्या ते असं, "कांदा लाल करायचा. मग खडा मसाला, अद्रक-लसूण, पुदिना. थोडं दही. पाणी घालायचं, मीठ घालायचं."

"पाणी किती?"

"एका गिलासाला दोन."

"आणि मीठ?"

"पाणी चाखायचं. थोडं जास्त खारट लागलं की बरोबर."

"जास्त म्हणजे किती जास्त?"

खालांनी माझ्याकडे बघितलं. "बेटा, तू हे परीक्षेला लिहिणार आहेस का?"

मी तेही लिहून घेतलं. परीक्षेचं नाही, खारट पाण्याचं. एका गिलासाला दोन, याच्याखाली दोन रेघा मारल्या, कारण सगळ्या कृतीत आकडा असलेली तेवढी एकच गोष्ट होती आणि मला धरायला तीच सापडली.

मला खरं तर दुसरंच विचारायचं होतं. मलाच का? खालांचा बगारा गल्लीत नावाजलेला आहे. त्यांच्या हाताला काही झालेलं नव्हतं. बडी अम्मांना खूश करायचं असेल तर त्यांनी स्वतः करावा. मला घालवायचं असेल तर सरळ सांगावं. आणि आणखी एक होतं, ते लिहिताना अजूनही अडखळायला होतं. आपल्या हातचं कोण खातं आणि कोण खात नाही, हे आमच्या घरात लहानपणीच शिकावं लागतं. कुणी शिकवत नाही, ते आपोआप कळतं. शाळेत मैत्रिणीच्या घरी मी ओट्यावर बसून पाणी प्यायलेली आहे. इथे तो प्रश्न कुणी काढलाच नाही. मी दोन दिवस वाट बघत होते की कुणीतरी काढेल. कुणी काढत नव्हतं, त्यामुळे मी जास्तच गोंधळले.

ईदच्या पंधरा दिवस आधी बाबा येऊन गेले होते. येताना त्यांनी खांद्यावरून तांदळाची पिशवी आणली होती. आमचं गाव बिलोलीच्या खाली, तेलंगणाच्या हद्दीजवळ. आमच्याकडे रोजची ज्वारीचीच भाकर, पण मामाच्या रानाला पाणी आहे, तो थोडं धान लावतो. दिवाळीनंतर मळणी झाली की नवा तांदूळ सगळ्या बहिणींच्या घरी जातो. आई त्यातला थोडा बुद्धपौर्णिमेच्या खिरीला ठेवते आणि बाकीचा पाहुण्यांना. घरी पाहुणा आला की आई म्हणते, "नवा तांदूळ काढ." नवा म्हणजे मान. तो शिजला की मऊ होतो, पांढराशुभ्र होतो, आणि त्याला एक वास येतो, दुधासारखा. जुना उरलेला तांदूळ आम्ही दळून घेतो नाहीतर कोंबड्यांना टाकतो.

ती पिशवी माझ्या खोलीत खाटेखाली होती.

बासी ईदच्या दिवशी दुपारी चार वाजता मी खाली गेले. खाला मटणापाशी होत्या. मला म्हणाल्या, "डबा तिथे आहे, तीन गिलास तांदूळ काढ, धू आणि भिजव," आणि दालच्यासाठी दुधी चिरायला दारापुढच्या ओट्यावर जाऊन बसल्या. मी डबा उघडला. पत्र्याचा मोठा डबा, वरती वाळलेला कडुलिंबाचा पाला. पाला बाजूला केला तर खालचा तांदूळ पिवळसर. अगदी पिवळा नाही, पण जुन्या पांढऱ्या कपड्यासारखा. मूठभर घेऊन वास घेतला तर पोत्याचा वास आला. मुठीत एक किडाही निघाला. काळा, छोटा. तो माझ्या तळव्यावरून चालत मनगटापर्यंत आला.

मी तशीच उभी राहिले. लातूरहून थोरली बहीण येणार, तिच्यापुढे हा तांदूळ? मला वाटलं खालांच्या लक्षात आलेलं नाही. वाण्याने फसवलं असेल किंवा सणाच्या गडबडीत बघायचं राहिलं असेल. मग मला वाटलं, त्यांना माहीत आहे, पण दुसरा नाही म्हणून गप्प आहेत. त्यांना विचारावं असंही वाटलं. पण विचारलं असतं तर त्यांना लाज वाटली असती, आणि तीही सणाच्या दिवशी, भाडेकरूपुढे. मी डब्यावर पाला परत पसरला, झाकण लावलं, वर गेले आणि मामाचा तांदूळ घेऊन आले. तीन गिलास मोजले. धुतला तर पाणी दुधासारखं पांढरं झालं. आई असती तर ते पाणी बघूनच खूश झाली असती.

मला त्या वेळी फार बरं वाटत होतं, हे मी कबूल करते. आपण या घराची लाज राखतो आहोत असं वाटत होतं.

पुढचं सगळं वहीप्रमाणे झालं. कांदा लाल केला. खडा मसाला टाकला तेव्हा तडतडला. पुदिना, मिरची, दोन चमचे दही. सहा गिलास पाणी, मोजून. मीठ घालून चाखलं, थोडं जास्त खारट लागलं. उकळी आल्यावर तांदूळ सोडला. खालांनी सांगितलं होतं, पाणी आणि तांदूळ एका पातळीला आले की झाकण ठेव, खाली तवा सरकव, वर वजन ठेव. मी पाणी तांदळाच्या पातळीला यायची वाट बघत होते. ते येईना. तांदूळच वर येत होता. फुगत होता, वळत होता, बुडबुडे फुटत होते ते जाड, लापशीसारखे. मी गॅस बारीक केला. मग मोठा केला. मग झाकण ठेवलं, कारण झाकण ठेवलं की निदान दिसत नाही.

मी आईला फोन लावला.

"काय करून राहिलीस?" आईने विचारलं.

मी सांगितलं. सगळं, अगदी गिलासांसकट. 

"आपला तांदूळ घातलीस?"

"हो."

"एकाला दोन पानी?"

"हो. मोजून."

"आगं, नव्या तांदळाला येवढं पानी कुठं लागतंय? त्येच्यात पानी आसतंच की. एकाला एक, लई तर वाईच वर." मग म्हणाली, "तुला कसं ठाव आसनार? म्याच तुला कधी चुलीपाशी बसू दिलं न्हाई. आब्यास कर, आब्यास कर."

हे खरं होतं. बारावीपर्यंत मी स्वयंपाकघरात गेले की आई मला हाताला धरून बाहेर काढायची. ती मला वाचवत होती. आत्ता मला तिच्यावर रागवावं की कुणावर, ते कळेना. मी म्हणाले, "आता काय करू?" ती म्हणाली, "खीर करता येईल," आणि मग तिलाच आठवलं की त्यात कांदा आणि मिरची आहे.

झाकण काढलं तेव्हा आपा मागे येऊन उभी होती. तिने आत वाकून बघितलं. उलथन्याने एका कडेला टोचलं. अख्खी कड एकदम हलली.

"बगारा नाही हा," ती म्हणाली. "हलीमचा धाकटा भाऊ आहे."

"आपा, प्लीज."

"अम्मी, इकडे या जरा. तुमच्या भाडेकरूने इमारत बांधली."

खाला आल्या. त्यांनी एक शीत बोटांत घेऊन दाबलं. ते शीत नव्हतंच, पीठ होतं. त्यांनी डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "हा माझा तांदूळ नाही."

मी मान खाली घातली. सांगणार होते, पण डब्यातला किडा, पोत्याचा वास, हे त्यांच्या तोंडावर कसं सांगायचं? मी म्हणाले, "आमच्या घरचा आहे. नवा."

मला वाटलं त्या म्हणतील, सार बाजूला, दुसरा करू. वेळ होता. सहा वाजले होते आणि बडी अम्मा सातनंतर पोचणार होत्या. जुना तांदूळ भिजवून तासाभरात झाला असता. आपाही तेच म्हणाली. पण खालांनी पातेल्यावर झाकण ठेवलं.

"राहू दे. हाच वाढायचा."

"अम्मी, बडी अम्मा काय म्हणतील?"

"ते त्या म्हणतील."

का, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काहीच वाचता आलं नाही. आजही मी तो चेहरा आठवून बघते. रागावलेला नव्हता. पण मायेचा होता असंही मी म्हणू शकत नाही.

बडी अम्मा आल्या त्या रिक्षातून, एका हातात पिशवी आणि दुसरा हात गुडघ्यावर. मला वाटलं होतं त्यापेक्षा बुटक्या निघाल्या. मी त्यांना काय म्हणून हाक मारावी हे मला ठरवता येईना, म्हणून मी नुसतं "ईद मुबारक" म्हणाले. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "वर राहते ती हीच?"

"हौ, हीच," खाला म्हणाल्या. "आज बगारा तिनंच केला."

मला वाटलं जमिनीत जावं. सांगायची काय गरज होती? वाढेपर्यंत तरी थांबायचं.

जमिनीवर जेवणाचा दस्तरखान अंथरला. मटण आलं, दालचा आला, कांदा-लिंबू आलं. बगारा मी आणला नाही. आपाने आणला आणि चमच्याने वाढण्याऐवजी सुरीने कापते की काय असा अभिनय केला. बडी अम्मांच्या ताटात तो पडला तो तसाच बसला, पसरला नाही. त्यांनी एक घास घेतला. दालचा न घेता, नुसता. चावला. दुसरा हातात घेऊन मुठीत दाबला. मूठ उघडली तर लाडू.

"पाणी किती घातलं?"

"एकाला दोन," मी म्हणाले.

"अंदाजानं?"

"नाही. मोजून."

"मोजून," त्या म्हणाल्या. "आमच्या लातूरला नळ आठ-आठ दिवसांनी येतो. पाणी आम्हीच मोजतो. बाकी कुणी मोजताना मी बघितलं नाही."

"तिनं लिहूनपण ठेवलंय," आपा म्हणाली. "वही आहे. उद्दिष्ट, साहित्य, सगळं."

"आण."

मी नको म्हणायच्या आत आपा वर जाऊन वही घेऊन आली. मला वाचायला लावलं. मी वाचलं. उद्दिष्ट: बगारा तयार करणे. साहित्य. कृती. वाचताना ते शब्द मलाच कुणा दुसऱ्याचे वाटत होते. निरीक्षणापाशी येऊन मी थांबले, कारण पुढे कोरं होतं.

"निरीक्षण काय?" बडी अम्मांनी विचारलं.

"लिहिलेलं नाही."

"लिही. तांदूळ नवा होता." त्यांनी हातातला लाडू ताटात ठेवला. मग खालांकडे वळून म्हणाल्या, "तेरे डब्बे में चावल नै था क्या? मी स्वतः पाठवलेला. दोन वर्षं मुरलेला. बगाऱ्याला तसाच लागतो."

आता मला बोलावंच लागलं. खालांवर यायला लागलं होतं. मी म्हणाले, "डबा भरलेला होता. मीच घेतला नाही. तो पिवळा दिसत होता. आत किडा पण होता." मग मी पुढे बोलत गेले, जे बोलायला नको होतं तेही. "आमच्याकडे पाहुण्याला नवा तांदूळ घालतात. जुना घातला तर, म्हणजे, कमीपणा वाटतो. मला वाटलं खालांना दुसरा मिळाला नसेल. तुम्ही लांबून येणार. म्हणून मी घरचा आणला."

आपा आधी हसली. मग खाला हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "दोन वर्षं जपला तो चावल," त्या हसत म्हणाल्या, "आणि हिने माझी गरिबी झाकली."

बडी अम्मा हसल्या नाहीत. त्यांनी लाडू मोडला, त्यावर दालचा ओतून घेतला, आणि तो खाल्ला. मग ताट पुढे केलं. आपाने अजून थोडा बगारा वाढला.

"कुणाच्या शेतातला?"

"मामाच्या."

"बगारा बिघडला," त्या म्हणाल्या. "चावल अच्छा है. घरात अजून किती आहे?"

"अर्धी पिशवी असेल."

"तो शिजवू नको. डब्यात घाल, कडुलिंबाचा पाला टाक. पुढच्या ईदपर्यंत बरा मुरेल. मग मी येईन, तेव्हा हाच कर. मोजून."

यानंतर त्या त्यांच्या गुडघ्याबद्दल बोलायला लागल्या, मग कुणाच्या तरी लग्नाबद्दल. मुलाचं नाव नाही, खोलीचं नाव नाही. मी प्रत्येक वाक्याला वाट बघत होते. ताटं उचलली, भांडी घासली, आणि मी वर आले. मला काही समजलेलं नव्हतं. पुढच्या ईदला हाच कर, म्हणजे मी इथे असेन असं त्यांना म्हणायचं होतं? की मी कुठेही असले तरी येऊन करायचा? की तांदूळ खालांच्या डब्यात राहील, करायला दुसरं कुणी असेल, आणि त्या नुसतं बोलून गेल्या?

दुसऱ्या दिवशी सकाळी तर माझी खात्रीच झाली. निघायच्या आधी बडी अम्मा जिना चढून वर आल्या. दर पायरीला थांबत, कठड्याला धरून. त्यांनी खोली बघितली. खिडकी उघडून बाहेर बघितलं. माझी पुस्तकं, खाट, कोपऱ्यातली तांदळाची पिशवी. "जिना फार उभा आहे," एवढंच म्हणाल्या आणि खाली गेल्या. मुलासाठी बघून गेल्या, असं मला वाटलं. माणूस खोली बघायला कशाला येतो?

मी बाबांना फोन केला. मी म्हणाले, बहुतेक खोली जाणार. रडले नाही, पण आवाज तसा झाला असेल, कारण बाबा म्हणाले, "आयतवारी येतो." रविवारी ते आले. हातात दोन रिकामी पोती आणि नायलॉनची दोरी. माझं सामान बांधून न्यायला आले होते. मी पुस्तकं आधीच खाली काढून ठेवली होती, जाड खाली, पातळ वर.

खालांनी बाबांना पाणी दिलं, चहा दिला. दोरीकडे बघितलं.

"हे कशाला?"

"सामान न्याया," बाबा म्हणाले. "तुमच्या पावन्याला खोली पायजे म्हनं."

"कोण म्हणालं?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी खालांकडे बघितलं. खाला उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि पत्र्याचा एक लहान डबा घेऊन आल्या. तो नवीन होता. झाकण उघडून त्यांनी वरचा पाला बाजूला केला. खाली मामाचा तांदूळ. पिशवी माझ्या खोलीतून त्यांनी कधी नेली, मला कळलंही नव्हतं.

"हा तुमचा तांदूळ," त्या बाबांना म्हणाल्या. "पुढच्या ईदपर्यंत माझ्याकडे ठेवायला सांगितलाय माझ्या बहिणीनं. शिजवणार तुमची पोरगी. तिला घेऊन चाललात तर मी याचं काय करू?"

बाबांनी थोडा तांदूळ तळहातावर घेतला, बोटाने फिरवला. "मग तुमचा पावना?"

"तो बघेल कुठे तरी. कॉलेजच्या मागे खोल्या आहेत की."

बाबा उठले. जिना चढून वर गेले आणि खोलीत भिंतीवर टकटक केली. एकदा इथे, एकदा तिथे. मी खाली उभी राहून ऐकत होते. मग ते खिडकीशी थांबले असावेत, कारण बराच वेळ आवाज आला नाही.

मी नंतर आपाला विचारलं, कधी ठरलं हे? तिने खांदे उडवले. "अम्मीचं तर तेव्हाच ठरलं असेल, तुला बगारा कर म्हणाली तेव्हा. बडी अम्माला दाखवायचं होतं ना, ही घरातलीच आहे म्हणून."

"मग बिघडल्यावर दुसरा का नाही केला?"

"ते मला काय माहीत. अम्मीला विचार."

मी खालांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, बेटा, परीक्षेला लिहिणार आहेस का? बडी अम्मांचा निर्णय माझ्या भातामुळे झाला, की जिन्यामुळे, की त्यांच्या मुलाला कॉलेजच्या मागची खोलीच आवडली होती, हे मला अजून माहीत नाही. वहीत निरीक्षणासमोर "तांदूळ नवा होता" लिहिलं आहे. निष्कर्षासमोर अजून काही लिहिलेलं नाही.

बाबांनी पोती परत नेली. दोरी मात्र त्यांनी खिडकीपासून दारापर्यंत ताणून बांधली, दोन्हीकडे गवंड्याची गाठ मारून, आणि एकदा जोरात ओढून बघितली. मी तिच्यावर कपडे वाळत घालते.